दाजींचा जांभळा दोरा

जांभळा रंग ओळखावा तर तो माझ्या दाजींनीच. साऱ्या कोल्हापुरात दुसरा माणूस नाही. आणि त्याच माणसाच्या डोळ्यांबद्दल मी एका गिऱ्हाइकाशी खोटं बोललो, हे आधीच कबूल करतो. बहिणीच्या नवऱ्याबरोबर भागीदारीत फोटो स्टुडिओ चालवणं सोपं नाही. दाजी फोटो काढतात, मी कॉम्प्युटरवर रंग नीट करतो, आणि त्यांचा कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नाही. लग्नात पहिला फोटो ते नवरीच्या हाती आपली परीटघडीची टोपी देऊन काढतात. पांढरं म्हणजे काय, ते कॅमेऱ्याला कळावं म्हणून. एका आजीबाईंनी हाही विधीच समजून टोपीला हळदकुंकू लावलं, त्या लग्नाचे सगळे रंग बिघडले. शिवाय पदराच्या गोंड्यातला एक दोरा मागून घेऊन ते डायरीत चिकटवतात. म्हणतात, "कॅमेऱ्याच्या पोटात लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांची चाळण हाय. मधले रंग त्यो अंदाजानं भरतोय. जांभळा म्हंजे निळ्याच्या घरात आलेला लाल पावणा. त्याला ह्यो वळखतच न्हाय!"

कागलच्या लग्नात तसंच झालं. आईनं स्वतःच्या लग्नातला जांभळा शालू लेकीला नेसवला होता, फोटोत तो निळाशार आला. दाजी दोरा नाचवत राहिले. मी पडद्यावर दिसला तोच रंग छापला. त्या बाईंचा तक्रारीचा फोन आला तेव्हा बोलून गेलो, "दाजींना मोतीबिंदू झालाय, त्यांच्याकडनं चुकलं असंल."

दुसऱ्या दिवशी बाई शालू घेऊनच दारात. "ह्यो माझा शालू, आन् ही कुणाची निळी साडी? मोतीबिंदू झालाय तर कॅमेरा कशाला धरताय?"

दाजींनी डायरीतला दोरा सोडवून हातात घेतला. मग खुर्ची ओढून शेजारी बसले. "लाल वाढीव. आणखी. नुसत्या शालूचा रं, नवरीच्या गालाला हात लावू नगंस!" तासाभरानं नवा फोटो छापून आला. दाजींनी फोटोतल्या शालूवर दोरा ठेवला आणि दोरा दिसेनासा झाला. बाई बोटानं चाचपडत राहिल्या, आणि एकदम ओरडल्या, "ह्योच की! ह्योच माझा शालू!" समोरचा चहावाला न सांगता चार चहा घेऊन आला, चौथा स्वतःसाठी.

बाई गेल्यावर मी खाली मान घालून माफी मागितली. दाजी दोरा परत चिकटवत म्हणाले, "खोटं कुठं बोललास? दोन वर्सं समदं पिवळट दिसतंय. म्हणून तर दोरा ठेवतोय."

पुढच्या आठवड्यात त्यांचं ऑपरेशन आहे. परवाच्या लग्नात गोंड्यातला दोरा मीच मागून आणला. त्यांनी तो तपासून पाहिला नाही; नुसती डायरी माझ्यापुढं सरकवली.