देवरावांचा तळहात

भिलाईच्या हुडको वसाहतीत आमच्या शेजारी राहणाऱ्या देवराव लांजेवारांबरोबर बाजारात जायला कोणी धजावत नसे. लष्कराच्या दारूगोळा भांडारात वीस वर्षं काढलेला हा हवालदार वांग्यांची पिशवी तळहातावर तोलून भाजीवालीला सांगायचा, "बाई, एक वांगं कमी आहे." आणि ते असायचंच. त्यांच्या पत्नी अंजनाबाई तेवढ्यात ओळख नसल्यासारख्या चार पावलं पुढे निघून जात.

निवृत्तीनंतर ते खुर्सीपारजवळच्या एका लहानशा ओतकाम कारखान्यात भंगार तपासू लागले. १९७८च्या पावसाळ्यानंतर तिथे चांदमारीच्या, म्हणजे लष्कराच्या गोळीबार-सरावाच्या, मैदानातले जुने तोफगोळे ट्रकभर आले. सगळे रिकामे, असा कागदही सोबत होता. तरी देवराव एकेक गोळा उचलून पाहू लागले. भट्टी पेटलेली, मालक ओमप्रकाश शेठ वैतागलेले.

"हवालदार साहब, काट्यावर टाका ना."

"तुमच्या काट्याले तुमची सवय झाली, शेठ. अकरा किलोच्या गोळ्यात बारूद किलोभरही नसते. मारतात ते फुटलेले तुकडे, म्हणून कवच जाड. अन् हलका गोळा वारा भलतीकडेच नेते. तर सारं वजन लोखंडाचं. भरलेला अन् रिकामा, फरक दोन-तीन वांग्यांचा."

चाळिसावा गोळा त्यांनी अलगद खाली ठेवला. त्याचं तोंड गंजून बुजलं होतं.

"हा रिकामा नाही. भट्टी थांबवा."

"अन् रिकामा निघाला तर?"

"तर मी उद्यापासून येत नाही."

तिसऱ्या दिवशी लष्कराच्या जाणकारांनी गोळा उघडला. आत निघाली माती.

"मिट्टी के लिए तीन दिन भट्टी बंद!" शेठ म्हणाले. माणसं हसली. देवरावांनी सायकलला डबा अडकवला.

भट्टीवरच्या तेजरामने मात्र ती माती चिमटीत दाबून पाहिली. बोटं ओली झाली.

"सेठजी, अंदर पानी है," तो हळूच म्हणाला. "पिघले लोहे में जाता तो बारूद की जरूरत नहीं थी."

वितळलेल्या लोखंडात पाणी कोंडलं की त्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होतो, हे भिलाईत शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. हसणं थांबलं. शेठ सायकलपाशी गेले.

"हवालदार साहब," ते म्हणाले, "बाकीचे गोळे उद्या पाहाल ना?"

"उद्या कावून?" म्हणत देवरावांनी सायकल स्टँडवर लावली आणि एक्केचाळिसावा गोळा उचलला.