मुरमावरची वाट

बाईंना परसात काय हवं होतं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. फाल्गुनातली सकाळ होती. आम्ही मागच्या दारात उभे होतो. समोर परस म्हणजे नुसती भेगाळलेली काळी जमीन, एका कोपऱ्यात कडुलिंब, दुसऱ्या कोपऱ्यात पत्रा उडालेली न्हाणी. त्या म्हणाल्या, "मला अशी जागा करून दे, जिथं बसल्यावर मला कुणी ऊठ म्हणणार न्हाई."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"चाळीस वर्षं लोकांनी माझं दार वाजवलं, कोकण्या. ताटावरून उठवलं, अंथरुणातून उठवलं. त्यांचं काय चुकलं न्हाई. बाळंतपण काय सांगून येतंय का? पण आता मला बसायचंय. गप बसायचंय."

ताडकळसला त्यांना सगळे नर्सबाई म्हणतात. मी नुसतं बाई म्हणतो. मी इथला नव्हे. माझा गाव कोकणात, वडील आंब्याची कलमं बांधायचे. सातवीनंतर मी शाळा सोडली आणि त्यांच्या हाताखाली बसलो. एका पावसाळ्यात कलमांनी भरलेल्या ट्रकबरोबर विकायला म्हणून इकडे आलो, आणि बाजाराच्या दिवशी, कलमं उतरवता उतरवता, बाईंच्या दारापुढे मला भोवळ आली. कावीळ होती. ट्रक पुढे निघून गेला. बाईंनी मला बाहेरच्या खोलीत ठेवून घेतलं, दीड महिना. मी कोण, कुठला, जातीचा कोण, काही विचारलं नाही. फक्त रोज सकाळी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पिवळेपणा बघायच्या आणि म्हणायच्या, "उतरायलाय. पड गप."

बरा झालो आणि परत गेलोच नाही. परभणी रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत कामाला लागलो. आईचा फोन येतो, "कधी येतोस रे?" मी म्हणतो, येतो. आता तीही फारसं धरून बसत नाही.

मग बाईंचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. काचबिंदू. समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काहीच नाही. "नळीतून बघितल्यावाणी," त्या सांगायच्या. घरात भिंतीला हात लावून त्या सगळीकडे जात, स्वयंपाकही करत. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की धरायला भिंत नाही. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, चांगला आहे, दिवसातून दोनदा फोन करतो. त्यानं सांगून टाकलं होतं: दिवाळीला येतो तो आईला घेऊनच जातो. बाई भांडल्या नाहीत. त्यांनी त्याच्याशी एक ठरवून घेतलं. दिवाळीला तो येईल तेव्हा त्या एकट्या परसात जातील, बसतील, एकट्या आत येतील. जमलं तर राहतील. नाही जमलं तर त्याच्या गाडीत बसतील.

"आन रडणार न्हाई," मला म्हणाल्या. "तू पण रडायचं न्हाई."

हे सगळं माझ्यावर येऊन पडलं होतं. मला तेव्हा धड झोप लागत नव्हती. आणि खरं सांगायचं तर काळजी फक्त त्यांची नव्हती. त्या गेल्या तर या मुलखात मला हाक मारणारं कोण उरलं असतं?

मी कामाला लागलो. रोपवाटिकेत पुण्या-मुंबईच्या बागांचे फोटो असायचे, मी त्यातले दोनचार मनात ठेवून आलो होतो. छोटं कारंजं करू म्हटलं. "मोटार गरगर करती. नको." रातराणी लावू म्हटलं. "मी आठला झोपते. तिचा वास काय शेजाऱ्याला द्यायचाय?" वाटेच्या कडेनं दोरी बांधू, धरून चालता येईल, म्हटलं. त्यावर त्या थोड्या चिडल्या. "दवाखान्यातल्या पेशंटवाणी दोरीला धरून मी माझ्या घरामागं चालायचं का?"

शेवटी त्यांनीच वाट सांगितली. दारापासून सरळ, मग न्हाणीपाशी डावीकडे वळून कडुलिंबापर्यंत. डाव्या हाताला सगळीकडे गवती चहा, कमरेएवढा, चालताना बोटं त्यातून फिरतील. वळणावर दवणा. तो पायाला घासला की वास सुटेल आणि कळेल, इथं वळायचं. कडुलिंबाखाली मोगऱ्याची दोन झाडं आणि मध्ये धुण्याचा जुना मोठा दगड, बसायला. बस. जास्तीचं काही नको.

वाटेला मी शहाबादी फरशीचे तुकडे आणले, पावलाच्या अंतरानं एकेक बसवला. आमच्या कोकणात जमीन जांभ्याची. दगड ठेवला की तो तिथेच राहतो, पाणी घातलं की निथळून जातं. मी तीच जमीन डोक्यात घेऊन काम करत होतो. काळी माती तेव्हा वाळून खडक झाली होती. मी वरची दोन बोटं माती उकरली, पाणी मारलं, फरशी दाबून बसवली. हलत नव्हती. वर उभं राहून उड्या मारून बघितल्या. बाई रोज सकाळ-संध्याकाळ माझा दंड धरून त्या वाटेनं चालायला लागल्या, पायांना फरशा पाठ व्हायला लागल्या. किती पावलांवर वळण, कुठल्या फरशीची कड तुटलेली, सगळं.

वैशाखात शेजारची मावशी ऊसतोडीवरून परत आली. तिच्या घरी शेळ्यामेंढ्या आहेत, लेंडीखत मी तिच्याकडूनच घेतो. घमेलं उतरवता उतरवता तिनं वाट बघितली.

"खाली मुरूम न्हाई घातला?"

"नाही. घट्ट बसलंय."

"काळीवर नुसती फरशी ठिवलीस?" ती वाकून बघत म्हणाली. "काळी चालती बाबा. उन्हाळ्यात तोंड उघडती, पावसाळ्यात फुगती. हिच्यावर घर बांधायचं तरी आमी आधी हिला काढून टाकताव."

"पाणी मारून दाबलंय मावशी."

"मग झालं. तू शिकलेला," असं म्हणून ती गेली.

मी सातवीपर्यंत शिकलेला. पण तिचं बोलणं मला आत कुठेतरी लागलं, आणि ते खरं आहे हेही त्याच वेळी कळलं. तरी मी काही केलं नाही. सगळी वाट उपसायची म्हणजे बाईंच्या पायांना पाठ झालेलं पुसायचं. पुन्हा पहिल्यापासून. आणि बाईंना सांगायचं, मी चुकलो म्हणून. मी मनाला म्हटलं, पाऊस येऊ दे, बघू. हे मी बाईंना सांगितलं नाही. त्या रोज मला विचारायच्या, "ठीक चाललंय न्हवं?" आणि मी म्हणायचो, "ठीक."

पावसाळ्यात मोगरा पिवळा पडला, कारण तिथेही मी कोकणातल्यासारखं रोज पाणी घातलं होतं, आणि वर पाऊस. मुळं कुजली. तो मी उपटून टाकला आणि दुसरा आणला. फरशांकडे मात्र बघायचं टाळत होतो. त्या वाकड्या व्हायला लागल्या होत्या. एकीची एक कड वर आली होती, दुसरीची बुडाली होती. मी सकाळी लवकर जाऊन पायानं दाबून परत सपाट करायचो. संध्याकाळी त्या पुन्हा तशाच.

श्रावणात एका सकाळी, मी रोपवाटिकेत असताना, बाई माझ्याशिवाय परसात गेल्या. त्यांना मला दाखवायचं होतं की जमतं. वळणाच्या अलीकडची फरशी त्यांच्या पायाखाली उलटली. त्या डाव्या हातावर पडल्या, गवती चहात. मावशीनं बघितलं, धावत आली, मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा त्या बाजेवर बसल्या होत्या, मनगट उशीवर. सुजलं होतं. मोडलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच चाचपून ठरवलं होतं. मला सांगत होत्या, पट्टी कुठून धर, कुठे सैल सोड. पट्टी बांधून झाली आणि मी सांगून टाकलं. मावशीनं वैशाखातच सांगितलं होतं, मला माहीत होतं.

त्यांनी बांधलेली पट्टी दुसऱ्या हातानं चाचपून बघितली.

"मला कामून न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाल, राहू दे, मी जाते पुण्याला. म्हणून."

"हं." मग हळू आवाजात, "एखादीचं लेकरू पोटात आडवं आसलं आन मी तिला सांगितलंच न्हाई, तिला वाईट वाटंल म्हणून. मग काय झालं आसतं?"

उत्तराची वाट त्यांनी बघितली नाही. मुलाला फोन लावून दे म्हणाल्या. मला वाटलं, पडल्याचं लपवतील. त्यांनी सगळं सांगितलं, फरशी, हात, सगळं. फक्त माझं नाव घेतलं नाही. तो पलीकडून काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण बाई म्हणाल्या, "ये दिवाळीला. ठरलंय तसंच. बघू."

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता खण."

पाऊस ओसरल्यावर, आश्विनात, आम्ही वाट उपसली. आम्ही म्हणजे मी, मावशी आणि तिचा नवरा. त्यांना दिवाळीआधीच ऊसतोडीला निघायचं होतं, गाडी ठरली होती, त्यामुळे दिवस मोजके होते. मावशीची तिन्ही लेकरं बाईंच्या हातात जन्मलेली, म्हणून तिला बोलवावं लागलं नाही. दोन हात रुंद, कमरेच्या खाली खोल, सगळी काळी माती काढून कडुलिंबामागे टाकली. ट्रॉलीभर मुरूम आला. थर टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकायचं, मग दुसरा थर. मावशी धुमस उचलायची आणि तिच्या प्रत्येक ठोक्याबरोबर माझी फजिती चालायची.

"तुमच्या कोकणात माती न्हाई का?"

"आहे की. लाल."

"मग फरश्या तिकडंच बसवायच्या व्हत्या."

तिचा नवरा खड्ड्यात उभा राहून हसत होता. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मनगटाला अजून पट्टी. त्याही हसल्या. श्रावणापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो.

मग फरशा. या वेळी सलग, मध्ये फट न ठेवता. धुण्याच्या दगडाखालीही मुरूम. दवणा पुन्हा वळणावर. पाणी वाटेपासून दोन हात लांब. मावशी निघाली त्या सकाळी तिनं वाटेवर उभं राहून अंगाचा सगळा भार एका टाचेवर टाकला. फरशी हलली नाही. तेवढं मला पुरलं.

पण पायांना जुनी वाट पाठ होती. बाई नव्या वाटेवर जुन्या पावलांनी चालायच्या आणि थबकायच्या. माझा दंड सोडायच्या नाहीत. दिवाळीच्या आदल्या दिवसापर्यंत त्या एकदाही एकट्या गेल्या नाहीत. मी म्हटलं, "एकदा करून बघा ना." त्या म्हणाल्या, "तो आल्यावरच. एकदाच."

मुलगा आला. बाईंचे दोन कपडे, औषधं, चष्मे यांची बॅग त्यानंच भरली, त्यांनी भरू दिली. भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आम्हाला दोघांना स्वयंपाकघरात बसवलं.

"खिडकीतून बघायचं न्हाई. हाक मारायची न्हाई."

त्या गेल्या. आम्ही चहाचे कप धरून बसलो. चपलांचा आवाज फरशीवर येत होता, एक, मग थांबणं, मग एक. मग गवती चहा सळसळला. मग काहीच नाही. मुलगा उठला.

"मी बघून येतो."

"बसा," मी म्हटलं. मलाही उठायचं होतं.

तो बसला. जरा वेळानं त्यानं विचारलं, "ती पडली तर तू असशील इथं?"

खोटं बोललो असतो तर त्याला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "नाही. दिवसा मी रोपवाटिकेत असतो. मावशी वैशाखापर्यंत नाही."

"मग?"

"मग पडतील. आणि तुमच्याकडे पडणार नाहीत. तिथे त्यांना कुणी चालूच देणार नाही."

हे मी कसं बोललो मला ठाऊक नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असेल. त्याच्या जागी मीही रागावलो असतो. बराच वेळ गेला, चहावर साय धरली. मग चपला पुन्हा वाजल्या आणि बाई दारात आल्या. काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाल्या, "लिंबोणीच्या पानाचा वास यायलाय हाताला. कुणी लावली रे तिथं?"

कुणीच लावली नव्हती. पक्ष्यांनी बी टाकलं असेल, मोगऱ्याशेजारी उगवली होती. माझ्याही लक्षात आली नव्हती.

मुलानं संध्याकाळी बॅग उघडली आणि औषधं परत फळीवर ठेवली. "उन्हाळ्यापर्यंत," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. जाताना मला नंबर दिला आणि म्हणाला, "लपवू नकोस काही." मी हो म्हटलं. तेव्हापासून मी लपवलेलं नाही.

आता बाईंच्या उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उन्हाळ्यात काय ठरेल मला माहीत नाही, त्यांनाही नाही, त्यावर आम्ही बोलत नाही. कामावर जाताना मी सायकल घेऊन मागच्या बोळातून जातो. कुंपणावरून दिसतं. त्या दगडावर बसलेल्या असतात, हात मांडीवर, मान थोडी खाली. कधी ओठ हलत असतात, कधी नाही. काय आठवत असतात कोण जाणे, किती घरं, किती दारं. काही दिवस त्या खूप वेळ हलत नाहीत. हाक मारावीशी वाटते, पण मारत नाही.

मी थांबतो, त्यांची बोटं हलेपर्यंत. मग तसाच निघतो.