टेपचं टोक

“टेपचं टोक तिच्याकडे द्या. धुळीत बसायची सवय असेल तिच्या घरी.”

मी खांबामागे होते. बोलली आमच्या गटाची लीडर. बाकीचे तिघे हसले. मी पुढे आले आणि टोक हातात घेतलं.

विजापूरची जामा मशीद. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासदौरा. चार दिवस मी गुडघ्यांवर बसून टेपचा शून्य दगडाला टेकवून धरला. सर सांगत होते, सुलतानाने बांधली, दोन मिनार अर्धेच राहिले. मी दगड बघत होते. टाकीचे घाव तिरपे, एका लयीत. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या हातचे असेच पडतात. गट चहाला गेला की मी कमानीचा एकेक दगड वहीत उतरवायचे.

आम्ही वडार, राहायला दौंडला. आप्पा दगड घडवतात. पाटे, उंबरे, देवळाच्या पायऱ्या. इंग्रजी शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय मीच भरला होता. कॉन्ट्रॅक्टर. कॉलेजातही तेच चाललं. तरी लीडरला कुठून तरी कळलं होतं.

महिन्याभराने शिरूरला एका हॉलमध्ये आमच्या ड्रॉइंग्जचं प्रदर्शन लागलं. मशिदीची शीट सगळ्यात मोठी. खाली चार नावं. आम्ही पाच जण होतो.

आप्पांना मी बोलावलं नव्हतं. ते शिरूरला कामावर आले होते, आमच्या कॉलेजचं प्रदर्शन आहे हे ऐकून तसेच आत आले. अंगावर दगडाची भुकटी. शीटसमोर बराच वेळ उभे राहिले. मग कमानीवर बोट ठेवलं.

“ही कमान न्हाई ऱ्हायची. दगूड पाचरीवानी पायजे. वर रुंद, खाली निमुळता. हितं तर विटा रचल्यात.”

लीडर हसली. “काका, चारशे वर्षांहून जास्त उभी आहे ती.”

“तिथली उभी हाय, बाई. कागदावरची पडंल.”

कोणीतरी खुसखुसलं. सरांचा चेहरा बदलला. “शीटला हात लावू नका. यांना आत कोणी सोडलं? कोणाचे आहेत हे?”

आप्पांनी बोट काढून घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाचवत होते ते. दाराकडे वळले.

वही माझ्या बॅगेत होती. त्यात तीच कमान, एकेक दगड पाचरीसारखा. लीडरने ती उघडूनही बघितली नव्हती. आणि मीही एवढे दिवस गप्प. जिभेवर जुनाच शब्द आला, कॉन्ट्रॅक्टर. तो मी गिळला.

“आप्पा, थांबा,” मी म्हणाले. आवाज फाटला, पण हॉलभर गेला. “सर, हे माझे वडील. दगड घडवतात. आम्ही वडार आहोत. कमान चुकली आहे, बरोबर कमान माझ्या वहीत आहे. ही शीट उतरवा. नवी मी काढीन, आणि खाली माझं नाव लिहीन. आडनावासकट.”