त्याच्या फोनातले माझे दिवस

माझ्या पाळीची खबर माझ्या आधी माझ्या नवऱ्याला लागायची. हे सांगितलं की आरमोरीतल्या माझ्या गिऱ्हाइकणी ब्लाउजचं माप देता देता हसतात. हसोत बिचाऱ्या. आता मीही हसते, पण माझ्या हसण्याला धार आहे आणि ती मी मुद्दाम बोथट होऊ देत नाही.

माझं सासर तलावाच्या काठचं. आमची माणसं मासेमारीची. गावचा मोठा तलाव सोसायटीनं ठेक्यानं घेतलेला, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की सगळी घरं मिळून त्यात मोठं जाळं ओढायची. त्या ओढीवर सगळ्यांची वर्षाची मदार. सासरच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, जाळी खुंटीला टांगलेली असत. पाळी आलेल्या बाईनं त्या जाळ्याला शिवायचं नाही, त्यावर सावलीही पडू द्यायची नाही, नाहीतर तलावाची देवी रुसते आणि मासोळी खोल जाऊन बसते, असा सगळ्या गावाचा पक्का समज. म्हणून ते चार दिवस मी सांदवाडीत, घरामागच्या आवारात, बकऱ्यांच्या गोठ्याशेजारच्या टिनाखाली काढायची. ताट वेगळं, लोटा वेगळा. माहेरीही हेच होतं, त्यामुळे पहिल्यांदा मला त्याचं काही वाटलं नाही. फरक एवढाच की माहेरी आई स्वतःच चटई उचलून मागे जायची. तिला कोणी सांगायला येत नसे.

लग्नाला दोन वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मग एके दिवशी नवरा बाजारातून आला तो फोनात एक ॲप घालूनच. मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं त्याला सांगितलं होतं की यात बायकोच्या तारखा भरा, कोणत्या दिवशी गर्भ राहील ते फोन सांगतो. ॲपला ईमेल हवा होता आणि त्याच्याकडे ईमेल कुठला! माझा होता, बारावीत शिष्यवृत्तीसाठी काढलेला. मी म्हटलं, तुमचाच नवा काढून घ्या ना. तो म्हणाला, "तुयाच टाक. दिवस तं तुयेच हायेत ना."

हे वाक्य मी जपून ठेवलं. तेव्हा मात्र मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू? वाटलं, याला मूल हवंय, म्हणजे मीही हवी आहे.

पण ॲप राहिलं त्याच्या फोनात. मला कधी कोणी विचारलं नाही की बाई, आज काय, काल काय. महिनाभरानं मी अंगणात बसून अंबाडीची भाजी निवडत होते, तर सासू दारात येऊन उभी राहिली.

"ऊठ, मांगं जा. फोन वाजला."

"माय, मले अजून नाई आलं."

"फोन खोटं सांगन का? जाय, जाळं इथंच टांगलं हाय."

नवऱ्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं, उद्या पाळी सुरू होण्याची शक्यता. त्या घरात 'शक्यता' हा शब्द कोणी वाचलाच नाही. नवऱ्यानं माझ्यादेखत त्या तारखांवर बोट दाबून लाल ठिपके भरले आणि मी भाजीचं सूप तिथंच टाकून टिनाखाली गेले. कोरडीच बसले. बसणं संपलं, न्हाऊन घरात आले, आणि मग खरी पाळी आली. पुन्हा मागे. पुन्हा ताट, लोटा, बकऱ्या. पुन्हा त्यानं लाल ठिपके भरले. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी गत. देहाची पाळी वेगळी पाळायची आणि फोनची वेगळी.

असं महिन्यामागून महिने चाललं. फोन बिचारा काय करणार? त्याच्यात जे भरलं ते त्यानं मोजलं. एके दिवशी त्यावर आलं, तुमचं चक्र अनियमित आहे, डॉक्टरांचा सल्ला घ्या. न्हाती झाल्यापासून माझी पाळी कधी चुकली नव्हती. ती अनियमित केली होती माझ्या नवऱ्याच्या बोटानं आणि सासूच्या घाईनं. पण ती ओळ घेऊन तो गावभर फिरला. कुणीही भेटलं की फोन काढायचा. तलावाच्या काठी बसून बाप्यांना माझ्या तारखा दाखवायचा. मी पाण्याला गेले की माणसं माझ्याकडे अशी बघायची की वाटायचं, लुगडं नेसूनही मी उघडी आहे. तेव्हाच मी ठरवलं होतं की एक ना एक दिवस याची परतफेड करायची.

गडचिरोलीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंनी मला तपासलं, म्हणाल्या, हिचं सगळं ठीक आहे, आता तुमची तपासणी करू. नवरा खुर्चीवरून उठलाच.

"मले काय झालं? मले काऊन तपासता? फोनमंदी पाहा ना, खराबी हिच्यात हाय."

त्याची तपासणी न करताच आम्ही परतीची बस धरली.

त्या उन्हाळ्यात मोठं जाळं हलकं आलं. पाऊस कमी झाला होता, वरच्या अंगाला तलाव गाळानं भरला होता, हे पोरासोरालाही दिसत होतं. पण सासूनं तलावाच्या काठावर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की घरात बाई महिन्यातून दोनदा बाहेर बसते, तिची सावली पडली असेल जाळ्यावर. तिनंच मला दोनदा बसवायचं आणि तिनंच बोंब मारायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या.

मग बोलणं निघालं फारकतीचं. पुढच्या उन्हाळ्यात, ओढीच्या आधी, समाजाची बैठक घ्यायची आणि मला माहेरी पाठवायची असं ठरलं. त्याला दुसरी करायची होती. करू दे की! त्याचं मला दुःख नव्हतं. पण मी जाणार होते ती वांझ म्हणून, चार लोकांनी बसून मारलेला शिक्का घेऊन. तो शिक्का मरेपर्यंत पुसला जात नाही. माझ्या पाठची बहीण लग्नाची होती, तिच्याही कपाळी तो लागला असता. मला एवढंच हवं होतं की तो शिक्का माझ्यावर बसू नये. आणि खरं सांगायचं तर तो त्याच्यावर बसावा.

बैठकीच्या आठवडाभर आधी मी टिनाखाली बसले होते, फोनच्या पाळीनं. दुपारची वेळ, बकऱ्या रवंथ करत होत्या. शिवणाचे व्हिडिओ बघायला बाबांनी दिलेला एक जुना फोन माझ्याकडे होता. काय सुचलं कोण जाणे, मी त्यात तेच ॲप घेतलं आणि माझा ईमेल टाकला. खातं माझंच होतं ना! सगळं उघडलं.

लाल ठिपके होतेच. पण त्यांच्यासोबत छोटे छोटे बदामही होते. त्या खुणेचा अर्थ ॲपनंच खाली लिहिला होता, त्या दिवशी नवराबायको एकत्र आले. माझा नवरा माझ्याकडे कितीसा येत होता ते मला ठाऊक. सणासुदीला यावं तसा. आणि इथं पाहावं तर बदामच बदाम! दोस्तांना दाखवायला त्यानं एका बैठकीत भरले असणार, रोजगार हमीचं मस्टर भरावं तसे. भरताना गड्याला एवढंही भान राहिलं नाही की खाली लाल ठिपका आहे. ज्या दिवसांत अख्ख्या गावानं मला टिनाखाली बसलेलं पाहिलं होतं, त्याच दिवसांवर त्यानं बदाम ठेवले होते.

मी तोंडात पदर कोंबून हसले. मग रडले, आणि मग डोळे पुसून नीट विचार केला. विटाळावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आजही नाही. पण ज्या काठीनं इतके दिवस मला बडवलं, ती काठी आयती माझ्या हातात आली तर फेकून द्यायला मी काही संत नाही. आठवडाभर मी कोणाला चकार शब्द सांगितला नाही. घरात आल्यावर सासूला गरम भाकरी वाढली. नवऱ्याचे कपडे धुतले. इतक्या गोडीनं मी त्या घरात कधी वागले नव्हते.

बैठक सोसायटीच्या शेडमध्ये भरली. बाप्ये पुढे, बाया मागे. माझे बाबा एका कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. सोसायटीचे अध्यक्ष मधोमध. गावात सगळे त्यांना नुसतं भाऊ म्हणत. नवऱ्यानं फोन काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"पाहा भाऊ, मी नाई सांगून राह्यलो, फोन सांगून राह्यला. महिन्यातून दोनदा. असीले पोर होईन का?"

भाऊ चष्मा चढवून बघत होते. मी उभी राहिले.

"भाऊ, फोन खरा की खोटा, ते आधी यायलेच इचारा."

नवरा छाती काढून म्हणाला, "खरा. शंभर टक्के खरा. म्याच भरला हाय."

"लाल ठिपका म्हणजे मी बाहेर बसली होती ते. बरोबर?"

"बरोबर."

"मंग त्याच दिवशी हे बदाम कायचे, ते सांगा सगळ्यायले."

मग मीच सांगितलं कायचे ते. मागून बायांमध्ये कुजबुज उठली. भाऊंनी फोन डोळ्यांजवळ नेला, मग शेजारच्याला दाखवला. फोन हातोहात फिरला, जसा माझ्या तारखा घेऊन तलावाच्या काठी फिरला होता तसाच.

"काऊन रे," भाऊ म्हणाले, "बाई बाहेर असताना शिवला तिले? अन् सकाळी जाळ्याले हात लावला?"

आता त्याला दोनच वाटा होत्या. शिवलो म्हणावं तर जाळं बाटवलं, मागच्या वर्षीची हलकी ओढ त्याच्या माथी. नाही म्हणावं तर बदाम खोटे. मी त्याच्या तोंडाकडे बघत उभी होते. लग्न झाल्यापासून त्याच्याकडे इतकं डोळे भरून मी कधी पाहिलं नव्हतं.

मर्दपणा आधी धावला. "शिवलो," तो म्हणाला. "बायको हाय मायी."

लगेच गलका झाला. मागच्या वर्षी ज्यांचे मासे गेले ते सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणालं, याचं जाळं ओढीत घ्यायचं नाही. ते ऐकताच सासूनं कपाळावर हात मारला आणि ओरडली, "नाई मनून सांग नं रे, मुडद्या!"

ओढीतून बाहेर पडलो तर खायचं काय, हे त्याच्याही ध्यानात आलं. "नाई भाऊ, नाई शिवलो. ते असंच भरलं होतं. गंमत."

"किती भरलं असंच?"

"…सगळंच."

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "तं मंग पोर काय फोनमंदून येईन का, बापा?"

अख्खी शेड हसली. बाप्येसुद्धा. माझ्या बाबांनी मान वर केली, तेही हसत होते. ते हसू मी अजून आठवते, उदास वाटलं की मुद्दाम आठवते. भाऊंनी सांगितलं की पोरीवर ठपका नाही. जाळ्याचं मात्र लोकांना पटेना. शिवलो म्हणाला ते खरं की नाही शिवलो म्हणाला ते, कोण जाणे! म्हणून त्याचं जाळं त्या ओढीतून बाहेरच राहिलं. ज्या बाईनं मला टिनाखाली बसवलं, तिनं तेच जाळं विटाळ फेडायला हळदीच्या पाण्यातून काढून सांदवाडीत वाळत घातलं. बकऱ्यांशेजारी, माझ्या जागेवर. मी ते पाहिलं, माझी पेटी उचलली आणि बाबांसोबत निघाले. मला कोणी घालवलं नाही, मी गेले.

पुढे बहिणीचं लग्न झालं. मी आरमोरीत खोली घेतली, शिलाई मशीन टाकली. त्यानं दुसरी केल्याचं कानावर आलं. ॲप माझ्या फोनात तसंच पडून होतं, मी विसरलेही होते.

मागच्या पावसाळ्यात मी काजं करत बसले होते, तर फोन वाजला. उद्या पाळी सुरू होण्याची शक्यता. माझी तर परवाच संपली होती. मी उघडून पाहिलं. नवे लाल ठिपके होते, महिन्यात दोनदा. त्यांच्यामधल्या दिवसांवर बदाम खच्चून भरलेले. एवढं मात्र शिकला होता गडी, लाल दिवस तेवढे सोडले होते. नवं खातं काढायचाही त्याला आळस, म्हणून तिचे दिवस माझ्या ईमेलवर भरत होता. म्हणजे ती पोर, जिचं मी तोंडही पाहिलं नव्हतं, उद्या त्या टिनाखाली कोरडीच बसणार होती.

सुई खाली ठेवली. वाटलं होतं माझा राग निवला असेल, पण तो चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली तसाच होता. मी आधी सगळं पुसलं. तिचे दिवस, माझे दिवस, त्याचे बदाम. मग पासवर्ड बदलला आणि त्याच्या फोनातून खातं बाहेर काढलं.

दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. बैठकीनंतर पहिल्यांदाच.

"ते ॲप बंद पडलं. पासवर्ड मांगून राह्यलं. काय हाय पासवर्ड?"

लग्न झाल्यापासून मी त्याला 'तुमी' म्हणत आले होते. बैठकीतही तो मान मी सोडला नव्हता.

"तुले पासवर्ड कायले पाह्यजे?" मी म्हटलं. "दिवस तं तिचे हायेत ना. घरातच हाय ती, तिलेच इचार."