चौकशी खिडकीतल्या रेघोट्या

मी बसनं अल्लीपूरच्या शाळेत शिकवायला जायचो, तेव्हापासून हिंगणघाट बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत एकच बाबू बसतात. तोंडानं गाडीची वेळ सांगायचे आणि हातानं त्या-त्या दिवशीच्या ड्युटी-तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघोट्या ओढायचे. त्यातून वेली निघायच्या, बैलांची शिंगं निघायची. मान कधी वर यायची नाही.

मग लोक मोबाईलवरच गाड्या पाहू लागले. एकदा बघतो तर कागद कोरा.

"हात चालूनच नाई राह्यला, सर," ते म्हणाले. नवा पेन आणून झाला, खुर्ची फिरवून झाली. उपयोग नाही.

आठवड्यानं त्यांनी जुने कागद माझ्यापुढे पसरले, उलटून तारखा दाखवल्या. "बाजाराच्या दिवशीचे भरलेले, सुट्टीचे कोरे. मले वाटे, लोकं मधात येते म्हणून चित्र बिघडते. पण कोणी विचारलं तेव्हाच हात चालला."

त्या दिवसापासून ते स्वतःच येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाक मारू लागले, "काकाजी, कुठं निघाले?"

आता मी मोटारसायकलनं जातो. तरी कधीमधी खिडकीशी थांबून विचारतो, "अल्लीपूरची गाडी कितीला?" माझ्या हातात हेल्मेट असतं. ते मान वर करत नाहीत. वेळ सांगतात, आणि पेन हलू लागतो.