उतू गेलेल्या दुधाचे डाग

निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण ती बाई डोळ्यांसमोरून हलत नाही. आदिलाबादच्या ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती, तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली. बेला गावाकडची शेतकरीण. नवऱ्याचं डायलिसिस शहरातल्या दवाखान्यात चालू होतं आणि बसचे धक्के त्याला सोसत नव्हते. म्हणून तिनं दलालाला ॲडव्हान्स देऊन दवाखान्याजवळ स्वस्तातली खोली धरली होती.

"दलालानं चावी देल्ली, आमी दूध उतू घातलं. मंग चावी वापस घेतली, म्हने, रंग मारतो, चार दिसानं सामान आना. आता फोनच उचलत नाही, साहेब."

दलालाला आणलं. महाबेरकी गडी, बाईकडे न बघताच म्हणाला, "साब, मैं तो इनको पैचानता बी नै." ॲडव्हान्सची पावती नाही, साक्षीदार नाही. माझं डोकंच फिरलं.

दुपारी खोलीसमोरच्या चहावाल्यानं आमच्या हवालदाराच्या कानावर घातलं, "तिथं लोक दुधाचा गंज भरून घेऊन येतेत. बिछाना घेऊन कोनीच येऊन नाही राह्यलं."

घरमालक हैदराबादला होता. त्याला फोन करून पंचांसमक्ष कुलूप उघडलं. आमच्या भागात नव्या घरात सामानाआधी दूध जातं, जमिनीवर गोवरी पेटवून ते उतू घालतात. बाईनं कोपरा दाखवला. राख झाडलेली होती, पण फरशीवर काळा डाग होता. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, पार भिंतीपर्यंत डागच डाग.

"हे आधीचे तुला दिसले नाहीत?" मी विचारलं.

"दिसले ना. मले बरंच वाटलं, साहेब. म्हटलं, घर लाभाचं दिसते."

दलालाला तिथंच उभं केलं. "हे कुणाकुणाचं दूध, बोल!" त्याचं अवसान गळालं आणि तो भडाभडा ओकला. एकच खोली त्यानं कितीतरी कुटुंबांना दिली होती, सगळी खेड्यांतून दवाखान्यासाठी आलेली. पंचनामा झाला, अटक झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली.

बाई मात्र घुटमळत होती. "मंग ते खोली आता मले भेटन का?"

मी मालकाला स्वतः विचारलं. पोलिसांचं लफडं झालेलं माणूस त्याला भाडेकरू म्हणून नको होतं. हवालदाराला आसपासच्या गल्ल्या फिरायला लावल्या. कुठं भाडं झेपणारं नव्हतं, तर कुठं आजारी माणूस नको होता. ती नवऱ्याला घेऊन बसनंच ये-जा करत राहिली.

कोर्टात साक्षीला ती एकटीच आली. कपाळ मोकळं होतं. आरोपीला शिक्षा झाली, पण मला त्याचा आनंद काही वाटला नाही. तिनं आमच्याकडे येऊन खोली मागितली होती आणि आम्ही तिला आरोपी शोधून दिला.