स्पीकरचं तोंड वर असतं

मंडळी, आज सकाळी आमचा स्पीकर बघायला दुरुस्तीवाला आला होता. उभ्या डब्यासारखा स्पीकर आहे, चारी बाजूंना सारखा आवाज देणारा. गेले तीन महिने तो गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखा वाजत होता. मी तो भिंतीपासून लांब सरकवला, बाजूची जाळी पुसली, सेटिंग दोनदा नव्यानं केलं. फरक शून्य.

त्या माणसानं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "पावणं, ह्याचं तोंड वर हाय की! त्याच्यावर फोटो कशाला ठेवलाय?"

फोटो आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. खाली त्यांचाच टॉवेल घडी करून ठेवलेला. ते गेल्यापासून तिथंच आहे. रोज हार बदलताना मला हे दिसलं नाही.

आण्णा शिरोलीत फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात होते. डावा कान तिथंच गेला. घरात कुठंही बसलं तरी नीट ऐकू यावं म्हणून हा स्पीकर त्यांनीच घेतला होता.

त्यानं फोटो आणि टॉवेल उचलून माझ्या हातात दिला. आवाज लख्ख आला. मला बरं वगैरे काही वाटलं नाही.

आई आतनं आली. म्हणाली, "ठेव तिथंच. त्यांस्नी लांबनं ऐकू येत न्हाय."

दुरुस्तीवाला चप्पल घालून गेला. मी टॉवेल अंथरला, फोटो ठेवला.

दुपारपासून बातम्या दबक्याच ऐकू येतायत. तुमच्याकडं असा स्पीकर असेल तर सांगा, दबक्या आवाजाची सवय किती दिवसांत होते?